धनादेश-वसुलीचे राज्य कायदे व बुडालेल्या राष्ट्रीय बँका

परगावच्या बँकेवर काढलेला धनादेश वसुलीसाठी एखाद्या बँकेकडे सोपविला आणि पैसे मालकाच्या हाती पडण्यापूर्वीच ती बँक बुडाली, तर त्या मालकाला इतर धनकोंच्या रांगेत उभे करावयाचे की त्यांच्या पुढे, हा प्रश्न अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सु. सत्तर वर्षे न्यायालयांपुढे येत राहिला. मालकाच्या दृष्टीने तो पैसा त्याचा स्वतःचा असतो. त्याने बँकेला कर्ज दिलेले नसते, केवळ एक काम सांगितलेले असते. उलट, त्याच बँकेतील ठेवीदाराच्या दृष्टीने बुडीत बँकेच्या मालमत्तेतून जो कोणी आधी आपला वाटा उचलून नेतो, तो उरलेल्यांच्या तोंडचा घास काढून नेत असतो. अनेक घटक राज्यांनी कायदे करून यात धनादेशाच्या मालकाची बाजू घेतली. मात्र बुडालेली बँक ‘राष्ट्रीय’ असेल, म्हणजे संघीय कायद्याखाली स्थापन झालेली असेल, तर तिच्यावर हे राज्य कायदे कितपत चालतात, याचा निर्णय १९३५ साली झाला.

या वादाचे मूळ अमेरिकेतील दुहेरी बँकपद्धतीत आहे. भारतात बँकव्यवसाय आणि धनादेश हे दोन्ही विषय संविधानाने संघसूचीत घातले असल्याने अशा स्वरूपाचा पेच येथे सहसा उद्‌भवत नाही. अमेरिकेत प्रारंभी बँकांना सनदा देण्याचे काम मुख्यतः राज्यांकडे होते. यादवी युद्धाच्या काळात २५ फेब्रुवारी १८६३ च्या आणि त्याची जागा घेणाऱ्या ३ जून १८६४ च्या कायद्यान्वये संघशासनाने राष्ट्रीय बँकांची स्वतंत्र व्यवस्था उभी केली. युद्धखर्चासाठी सरकारी कर्जरोख्यांना गिऱ्हाईक मिळवावे व देशभर एकसारख्या नोटा चालाव्यात, हे तिचे तात्कालिक हेतू होते. राज्य बँका नाहीशा झाल्या नाहीत. त्यामुळे एकाच गावात, कधीकधी एकाच रस्त्यावर, दोन निरनिराळ्या कायद्यांखालील बँका कारभार करू लागल्या. राष्ट्रीय बँक बुडाल्यास चलन नियंत्रक हा संघीय अधिकारी तिच्यावर प्रापक नेमी. प्रापकाने मालमत्ता विकून पैसा गोळा करावयाचा, आणि बँकेच्या नोटांची भरपाई झाल्यावर उरलेल्या रकमेचे, शाबीत झालेल्या सर्व दाव्यांवर सारख्या प्रमाणात वाटप करावयाचे, असा नियम कायद्यातच घालून देण्यात आला होता. पुढील सर्व वाद या ‘सारख्या प्रमाणात’ वाटपाभोवती फिरला.

राज्य आणि संघ यांच्या अधिकारांची ही गुंतागुंत धनादेशांच्या बाबतीत अधिक जाचक ठरली, कारण त्या काळी धनादेशाचा प्रवास फार लांबचा असे. देशव्यापी शाखा असलेल्या बँका अमेरिकेत नव्हत्या; बहुतेक बँका एकाच गावापुरत्या होत्या. परगावचा धनादेश वसूल करावयाचा, तर तो परिचित बँकांच्या साखळीतून पाठवावा लागे. टपालाने आलेल्या धनादेशाचे पैसे चुकते करताना पुष्कळशा बँका काही वटणावळ कापून घेत. ती वाचविण्यासाठी प्रत्येक बँक आपल्या सोयीच्या बँकेकडे धनादेश पुढे ढकली. न्यूयॉर्क राज्यातील सॅग हार्बर येथील बँकेवर काढलेला आणि न्यू जर्सीतील होबोकेन येथे भरलेला एक धनादेश यासंबंधी प्रसिद्ध आहे. ही दोन गावे एकमेकांपासून सु. १०० मैलांवर आहेत. परंतु तो धनादेश बॉस्टन, टॉनवाँडा, ऑल्बनी असा फिरत सु. १,५०० मैलांचा प्रवास करून परत आपल्या बँकेत पोहोचला. हे उदाहरण टोकाचे असून सर्वच धनादेश असे भटकत, असे समजण्याचे कारण नाही. तरीही एका धनादेशावर चार-सहा बँकांची पृष्ठांकने असणे ही साधारण गोष्ट होती. धनादेश वाटेत असताना त्यांपैकी कोणतीही बँक बंद पडू शकत होती आणि तसे झाल्यास तोटा कोणी सोसावयाचा, हे धनादेशावर लिहिलेले नसे.

न्यायालयांनी यावर जे उत्तर शोधले, ते अभिकर्ता आणि ऋणको या दोन जुन्या संकल्पनांवर आधारलेले होते. धनादेश वसूल होईपर्यंत बँक ही मालकाची अभिकर्ता असते. पैसे वसूल होऊन बँकेच्या सर्वसाधारण रोकडीत मिसळले, की ती त्याची ऋणको बनते. या नियमाचा उगम लक्षात घेण्याजोगा आहे. १८६१ साली न्यूयॉर्कच्या फुल्टन बँकेने काही वचनचिठ्ठ्या वसुलीसाठी शिकागोच्या मरीन बँकेकडे पाठविल्या. त्या सुमारास इलिनॉयमधील नोटांचे मूल्य घसरत होते. मरीन बँकेने वसुली या नोटांत केली, त्या आपल्या व्यवहारात वापरल्या आणि मागाहून, आपण केवळ अभिकर्ता असल्यामुळे मूल्य घसरल्याचा तोटा मालकाचा, अशी भूमिका घेतली. सर्वोच्च न्यायालयाने १८६५ मध्ये ती फेटाळली. परक्याचा पैसा आपल्या पैशात मिसळून वापरणारी बँक त्या रकमेची ऋणको होते, सबब घसरणीचा तोटाही तिचाच, असे न्यायालयाने ठरविले. म्हणजे मालकाला बँकेच्या पळवाटेपासून वाचविण्यासाठी हा नियम प्रथम वापरला गेला. पण बँक जिवंत असताना जो नियम मालकाच्या हिताचा, तोच ती बुडाल्यावर त्याच्या मुळावर येतो. कारण ऋणको बुडाला, तर त्याच्या धनकोला इतर धनकोंइतकेच मिळावयाचे.

याचा प्रत्यय सिनसिनाटी येथील फिडेलिटी नॅशनल बँकेच्या प्रकरणात आला. शिकागोच्या बाजारातील गव्हाच्या सट्ट्यात गुंतलेली ही बँक जून १८८७ मध्ये बुडाली. पेनसिल्व्हेनियातील कमर्शियल नॅशनल बँक तिच्याकडे वसुलीसाठी कागद पाठवीत असे. वसूल रक्कम दर महिन्याच्या १, ११ व २१ या तारखांना पाठवावयाची असा त्यांचा करार होता. न्यायमूर्ती ब्रूअर यांनी १८९३ च्या निकालपत्रात या कराराचा अर्थ व्यवहारदृष्टीने लावला. दहा-दहा दिवसांनी पैसे पाठविण्याची मुभा देणाऱ्या मालकाला, मधल्या काळात बँक तो पैसा वापरणार हे ठाऊक असते. म्हणून वसूल होऊन बँकेच्या निधीत मिसळलेल्या रकमेपुरता त्याचा दावा सामान्य धनकोचा ठरला. जे कागद बँक बंद पडतेवेळी वसूल व्हावयाचे होते, त्यांवरील मालकी मात्र त्याच्याकडेच राहिली. वसुलीच्या अलीकडचा कागद मालकाचा, पलीकडचा पैसा बँकेचा, अशी रेषा येथे आखली गेली. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ही रेषा अगदीच अनाकलनीय होती. एका आठवड्यात पाठविलेल्या दोन धनादेशांपैकी एकाची पूर्ण रक्कम मिळावी आणि दुसऱ्याची अर्धीही मिळू नये, याचे कारण त्याने केलेल्या कोणत्याही कृतीत नसून टपालाच्या वेळापत्रकात असे.

दरम्यान, राष्ट्रीय बँकांच्या नादारीत कोणालाही अग्रहक्क नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालय उत्तरोत्तर अधिक ठामपणे मांडीत होते. कुक काउंटी नॅशनल बँकेच्या खटल्यात (१८८३) खुद्द संघशासनाने, सरकारी देणी आधी फेडली पाहिजेत, या जुन्या कायद्याचा आधार घेऊन आपल्या रकमेवर अग्रहक्क सांगितला होता. राष्ट्रीय बँकांचा कायदा हा विसर्जनासंबंधीची स्वयंपूर्ण योजना असून तीत सरकारलाही असा अग्रहक्क नाही, असा निर्णय न्यायमूर्ती फील्ड यांनी दिला. १८९६ मध्ये एल्मायरा सेव्हिंग्ज बँकेचे प्रकरण आले. बचत बँकांनी इतर बँकांत ठेवलेल्या रकमा त्या बँका बुडाल्यास आधी परत मिळाव्यात, असा न्यूयॉर्क राज्याचा कायदा होता. त्यामागील हेतू स्तुत्य होता, कारण बचत बँकांतील पैसा बहुधा गरिबांचा व कामगारांचा असे. तरीही, राज्याने दिलेला हा अग्रहक्क सारख्या वाटपाच्या संघीय आज्ञेशी विसंगत असल्यामुळे राष्ट्रीय बँकेच्या बाबतीत तो निष्फळ होय, असे न्यायालयाने ठरविले.

यावरून राष्ट्रीय बँकांना राज्यांचे कायदे लागूच नव्हते असा समज होण्याचा संभव आहे. तो बरोबर नाही. केंटकी राज्याच्या करासंबंधीच्या १८७० च्या निर्णयात न्यायमूर्ती मिलर यांनी स्पष्ट म्हटले होते, की राष्ट्रीय बँकांचे दैनंदिन व्यवहार राष्ट्रापेक्षा राज्याच्या कायद्यांनीच अधिक नियंत्रित होतात. त्यांचे करार, त्यांची मालमत्ता संपादण्याची व हस्तांतरित करण्याची रीत, त्यांची येणी वसूल करण्याचा हक्क, हे सारे राज्याच्या कायद्यावर अवलंबून असते. राज्य कायद्याने त्यांच्या कार्यक्षमतेला बाध येत असेल किंवा तो काँग्रेसच्या कायद्याशी थेट भिडत असेल, तरच तो बाजूला सारावयाचा. एल्मायरा प्रकरणाच्याच वर्षी न्यायालयाने मॅसॅचूसेट्सचा एक कायदा राष्ट्रीय बँकेला लागू केला. नादार कर्जदाराने एखाद्या धनकोला दिलेले झुकते माप रद्द करणारा तो कायदा होता. त्यामुळे धनादेश-वसुली ही कोणत्या बाजूची गोष्ट, हा प्रश्न खुला राहिला. मालक आणि बँक यांच्यातील नाते ठरविणे हा कराराचा, म्हणजे राज्याचा, विषय दिसतो. बुडीत बँकेच्या मालमत्तेची वाटणी हा संघाचा. पण वसुलीचा कायदा या दोहोंना एकाच वाक्यात स्पर्श करतो.

१९१३ च्या कायद्याने फेडरल रिझर्व्ह बँका स्थापन झाल्या व १९१६ पासून त्यांनी धनादेशांची वटणावळरहित वसुली सुरू केली. प्रवास आखूड झाले, पण जोखीम संपली नाही. ज्या बँकेवर धनादेश काढलेला, तिच्याकडेच तो टपालाने पाठवावयाचा आणि तिने पैशाऐवजी दुसऱ्या बँकेवरचा ड्राफ्ट पाठवावयाचा, अशी प्रथा रूढ होती. ड्राफ्ट वटण्यापूर्वी तो काढणारी बँक बुडाली, तर धनादेश फिटल्याची नोंद झालेली, धनादेश काढणाऱ्याच्या खात्यातून रक्कम वजा झालेली आणि मालकाच्या हाती एक निरुपयोगी कागद, अशी अवस्था होई. नॉर्थ कॅरोलायनातील एका खेड्याच्या बँकेवरील धनादेशाबाबत असेच घडले. मालॉय खटल्यात (१९२४) सर्वोच्च न्यायालयाने, अभिकर्त्याने पैसेच स्वीकारले पाहिजेत, ड्राफ्ट स्वीकारण्याची जोखीम त्याची स्वतःची, असे म्हणून रिचमंडच्या फेडरल रिझर्व्ह बँकेस जबाबदार धरले. बँकव्यवसायाला हा निर्णय मानवणारा नव्हता. लक्षावधी धनादेशांचे पैसे रोख नाण्यात मागत बसणे अशक्य होते. फेडरल रिझर्व्हने लगेच आपले नियम बदलून ड्राफ्ट स्वीकारण्याची मुभा घेतली. त्याच सुमारास शेतमालाच्या मंदीमुळे ग्रामीण भागातील बँका एकामागून एक बंद पडत होत्या; १९२१ ते १९२९ या काळात त्यांची संख्या पाच हजारांवर गेली. महामंदीच्या १९३० ते १९३३ या वर्षांत आणखी सु. नऊ हजार बँका बंद पडल्या.

अशा परिस्थितीत अमेरिकन बँकर्स असोसिएशनने बँक-वसुलीसंबंधी एक आदर्श संहिता तयार केली. १९२९ पासून सु. अठरा राज्यांनी ती स्वीकारली. इंडियाना व न्यूयॉर्क ही त्यांपैकीच होत. तिच्या बहुतेक कलमांनी बँकांना सोयीचे तेच केले : ज्या बँकेवर धनादेश काढला, तिच्याकडेच तो थेट पाठविण्यास आणि रोख रकमेऐवजी ड्राफ्ट घेण्यास मान्यता दिली. ही वाढलेली जोखीम मालकावर पडणार होती. तिचा मोबदला तेराव्या कलमाने दिला. वसुली झाल्यावर परंतु पैसे पोचते होण्यापूर्वी बँक बुडाली, तर तिच्या मालमत्तेवर मालकाच्या नावाने न्यास निर्माण झाल्याचे मानावे आणि त्याला अग्रहक्क द्यावा, अशी ही तरतूद होती. वसूल झालेला पैसा त्या मालमत्तेत वेगळा ओळखता येतो की नाही, तो इतर पैशात मिसळला आहे की त्याचे रूप पालटले आहे, याची चौकशी करू नये असेही त्यात नमूद होते.

शब्द थोडे असले, तरी परिणाम मोठा होता. समजा, एका बुडीत बँकेची देणी १,००,००० डॉलर असून तिच्या मालमत्तेतून ६०,००० डॉलर उभे राहतात. देण्यांपैकी २०,००० डॉलर वसूल केलेल्या धनादेशांचे आहेत. सर्वांना सारखे वाटावयाचे, तर प्रत्येकाला डॉलरमागे ६० सेंट मिळतात. तेराव्या कलमाप्रमाणे धनादेशांच्या मालकांना पूर्ण २०,००० डॉलर दिले, तर उरलेल्या ४०,००० मधून इतरांच्या ८०,००० डॉलरच्या देण्यांना ५० सेंटच हिशेबी येतात. ठेवींचा विमा तेव्हा नव्हता. त्यामुळे हे दहा सेंट कोणा शेतकऱ्याच्या बियाण्याचे किंवा विधवेच्या शिलकीचे असत. आणि धनादेशाचा मालक तरी नेहमी धनाढ्य असे असेही नाही.

ही तरतूद राष्ट्रीय बँकांना लागू होते काय, हा प्रश्न इंडियानातून जेनिंग्ज विरुद्ध युनायटेड स्टेट्स फिडेलिटी अँड गॅरंटी कंपनी या खटल्याने, तर न्यूयॉर्कमधून ओल्ड कंपनीज लेहाय विरुद्ध मीकर या खटल्याने सर्वोच्च न्यायालयापुढे आला. दोहोंचा निर्णय ४ फेब्रुवारी १९३५ रोजी झाला आणि दोन्ही निकालपत्रे न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी लिहिली. सर्वोच्च न्यायालयात येण्यापूर्वी, १९२७ ते १९३२ या काळात, ते न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. म्हणजे संहिता त्या राज्यात अंमलात आली, तेव्हा तेथील न्यायव्यवस्थेच्या शीर्षस्थानी तेच होते. राज्याच्या विधिमंडळाविषयी अनादर बाळगण्याचे त्यांना कारण नव्हते.

कार्डोझो यांनी संहितेचे दोन भाग वेगळे केले. बँक मालकाची अभिकर्ता कधीपर्यंत असते आणि धनादेशावरील मालकी कोणाची, हे ठरविण्याचा राज्याचा अधिकार राष्ट्रीय बँकांपुरताही त्यांनी मान्य केला. बँक चालू असताना झालेल्या करारातून जे नाते निर्माण होते ते राज्याच्या कायद्याचे अपत्य असते, आणि त्या नात्यातून एखादी विशिष्ट, ओळखता येण्याजोगी वस्तू मालकाची ठरली, तर ती प्रापकाकडून मागण्याचा हक्कही त्यातून निघतो. ती वस्तू बँकेची नव्हतीच, म्हणून तिच्या वाटपाचा प्रश्न येत नाही. परंतु तेरावे कलम याच्या पलीकडे जात होते. ओळखता येण्याजोगी कोणतीही वस्तू शिल्लक नसताना ते बँकेच्या सर्वसाधारण मालमत्तेवरच न्यासाची मोहोर उठवीत होते. हा न्यास पक्षकारांच्या व्यवहारातून उपजलेला नसून नादारीच्या क्षणी कायद्याने वरून लादलेला होता. त्याचे नाव न्यास असले, तरी काम अग्रहक्काचे होते. सारख्या वाटपाची संघीय आज्ञा असलेल्या ठिकाणी राज्याला असा अग्रहक्क निर्माण करता येत नाही, हे एल्मायरा प्रकरणात ठरलेच होते. त्यामुळे इंडियानातील प्रापक जिंकला आणि न्यूयॉर्कमधील धनादेश-मालकाचा अग्रहक्काचा दावा टिकला नाही.

तर्काच्या कसोटीवर हा निर्णय भक्कम आहे. त्याचा व्यवहारातील परिणाम मात्र चमत्कारिक झाला. जेथे संहिता न्यायालयांनी उचलून धरली, तेथे राज्य बँकेकडे धनादेश पाठविणाऱ्याला अग्रहक्क मिळे. शेजारच्या राष्ट्रीय बँकेकडे पाठविणाऱ्याला तो मिळत नसे. धनादेश कोणत्या मार्गाने जावा, हे मालक ठरवीत नसे. ते बँका आपसांत ठरवीत. राष्ट्रीय बँकांपुरती संहितेची एक बाजू गळून पडली आणि दुसरी शिल्लक राहिली : ड्राफ्ट घेण्याची मुभा कायम, मोबदला रद्द. सर्वोच्च न्यायालयावर याचा दोष ठेवता येणार नाही. मोबदला ज्या निधीतून द्यावयाचा तो राज्यांच्या ताब्यात नव्हता, हे संहितेच्या कर्त्यांनी आधीच ओळखावयास हवे होते. एल्मायरा निर्णय तेव्हा तेहतीस वर्षांचा जुना होता.

निर्णय आला तेव्हा प्रश्नाची धार बरीच बोथट झालेली होती. १९३३ च्या बँक कायद्याने ठेव-विम्याची व्यवस्था केली. १ जानेवारी १९३४ पासून २,५०० डॉलरपर्यंतच्या आणि त्याच वर्षाच्या मध्यापासून ५,००० डॉलरपर्यंतच्या ठेवी सुरक्षित झाल्या. बँका बुडण्याचे प्रमाणही झपाट्याने घटले. पुढे एकरूप व्यापारी संहितेच्या चौथ्या प्रकरणाने १९२९ च्या संहितेची जागा घेतली. पेनसिल्व्हेनियाने ती प्रथम, १९५३ मध्ये, स्वीकारली. बँक बंद पडण्याच्या क्षणी कोणते धनादेश परत फिरवावयाचे आणि कोणते पुढे जाऊ द्यावयाचे, हे ठरविण्यावर तिने भर दिला आणि न्यासाची कल्पना सोडून दिली. काही दाव्यांना अग्रहक्क तीतही राहिला. पण तो राज्य कायद्याचाच असल्यामुळे राष्ट्रीय बँकांसंबंधीची १९३५ ची अडचण तशीच राहिली.

ती दूर करण्याचा मार्ग काँग्रेसपुरताच मोकळा होता. धनादेशाची रक्कम ग्राहकास लवकर मिळावी यासाठी तिने १९८७ मध्ये कायदा केला. त्याखाली फेडरल रिझर्व्हने केलेले व १९८८ मध्ये अंमलात आलेले नियम सर्व बँकांना, मग त्यांची सनद राज्याची असो वा संघाची, लागू व्हावेत असे होते आणि बंद पडलेल्या बँकेविरुद्धच्या दाव्यांची तरतूद त्यांत होती. १९९३ मध्ये तर काँग्रेसने सारख्या वाटपाच्या जुन्या तत्त्वालाच मुरड घातली. विमाधारक बँक बुडाल्यास विसर्जनाचा खर्च वजा जाता प्रथम ठेवीदारांचे दावे भागवावेत व सामान्य धनकोंनी त्यांच्या मागे उभे राहावे, असे त्या वर्षीच्या कायद्याने ठरविले. अग्रहक्क अखेर आला तो धनादेशाच्या मालकासाठी नव्हे, तर ज्याच्या वाट्यातून तेराव्या कलमाने दहा सेंट काढून घेतले असते, त्या ठेवीदारासाठी. ऑक्टोबर २००४ पासून अंमलात आलेल्या कायद्याने मूळ कागदाऐवजी त्याच्या प्रतिमेवरून तयार केलेल्या प्रतीला मूळ धनादेशाचे बळ दिले. त्यानंतर वसुलीसाठी धनादेशांच्या प्रतिमाच पाठविण्याची रीत सार्वत्रिक झाली आणि सॅग हार्बर ते होबोकेन हे अंतर धनादेशापुरते काही क्षणांवर आले.